दिव्याची फिर्याद आणि चौकशीची टाळाटाळ

मोटारीच्या दर्शनी फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, गाडी उभ्या जागी थरथरू लागली, चढावर झटके खाऊ लागली आणि सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येऊ लागला, की नांदेड-लातूर पट्ट्यातील जुन्या गाडीचा मालक ज्या गॅरेजात जातो, तेथे आजकाल पहिली गोष्ट घडते ती अशी, की कारागीर स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खोबणीत स्कॅनर लावतो, त्याच्या पडद्यावर ‘पी ०३०२’ किंवा ‘पी ०४२०’ अशी काही अक्षरे उमटतात, आणि तेवढ्याच आधारावर, दुसरी कोणतीही तपासणी न करता, कॉइल, सेन्सर, इंजेक्टर किंवा थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलण्याचा हुकूम सुटतो. बिल चुकते होते, दिवा विझतो, आणि लोहा ओलांडून अहमदपूर येण्यापूर्वीच तो पुन्हा लागतो. माझे म्हणणे असे आहे, की यंत्राने दिलेली ती अक्षरे ही केवळ फिर्याद असते, निकाल नसतो. आणि फिर्याद दाखल होताच चौकशीवाचून शिक्षा ठोठावण्याचा जो शिरस्ता आपल्या गॅरेजांत, आपल्या पीयूसी केंद्रांत आणि काही अंशी शासकीय धोरणातही रूढ झाला आहे, त्याचा भुर्दंड नेमका अशा माणसांना सोसावा लागतो, ज्यांना तो मुळीच परवडत नाही.

आपल्या भागात जुनी गाडी ही हौसेची वस्तू क्वचितच असते. पुण्या-मुंबईत आठ-दहा वर्षे वापरून झालेली आणि पहिल्या मालकाच्या लेखी निकालात निघालेली गाडी ना हरकत दाखल्यासह इकडे येते, एमएच २६ किंवा एमएच २४ च्या दप्तरी रुजू होते आणि मुदखेडच्या दुकानदाराची, कंधारच्या शिक्षकाची किंवा चाकूरच्या शेतकऱ्याची आयुष्यातील पहिली मोटार बनते. रात्री-अपरात्री आजाऱ्याला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणायचे असो, मुलीला परीक्षेसाठी लातूरला न्यायचे असो किंवा हंगामात बियाणे घरी आणायचे असो, त्या गाडीवाचून दुसरे साधन घरात नसते. अशा गाडीवर चुकीच्या निदानापायी झालेला दहा-पंधरा हजारांचा खर्च हा त्या घराच्या वर्षाच्या ताळेबंदातला एक मोठा आकडा असतो, हे ध्यानात घेतल्यावाचून या प्रश्नाचे गांभीर्य कळणार नाही.

त्यात एक तांत्रिक गुंतागुंत आहे, आणि तिची जाणीव मराठवाड्यातील बहुतेक खरेदीदारांना नसते. बीएस-४ हे प्रदूषणमानक १ एप्रिल २०१० रोजी ज्या तेरा शहरी भागांत प्रथम लागू झाले, त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरे होती. संपूर्ण देशात ते १ एप्रिल २०१७ पासून सक्तीचे झाले. बीएस-४ च्या चारचाकींना स्वतःच्या दोषांची नोंद ठेवणारी यंत्रणा २०१० पासून पहिल्या टप्प्याची आणि २०१३ पासून दुसऱ्या, अधिक काटेकोर टप्प्याची बसवणे भाग होते. परिणामी एकाच वर्षी तयार झालेल्या, दिसायला सारख्याच दोन गाड्यांपैकी पुण्यात नोंदलेली गाडी मिसफायर, म्हणजे इंधन न पेटणे, सिलिंडरवार मोजणारी आणि कन्व्हर्टरच्या पुढे-मागे दोन ऑक्सिजन सेन्सर बाळगणारी असू शकते, तर आपल्याकडे नोंदलेली बीएस-३ ची गाडी त्या मानाने पुष्कळच अबोल असू शकते. त्याहून जुन्या काही मारुती गाड्यांत तर निदानाच्या खोबणीतील दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडायची आणि दिव्याची उघडझाप मोजून दोषाचा क्रमांक ओळखायचा, अशी पद्धत होती. जुनी गाडी विकत घेताना रंग, टायर आणि किलोमीटरचा काटा आपण पाहतो; ती कोणत्या मानकाची आहे आणि ती स्वतःविषयी किती बोलू शकते, हे नोंदणी-पुस्तकात पाहण्याची सवय मात्र अजून आपल्याला लागलेली नाही.

ही यंत्रणा मिसफायर ओळखते कशी, हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण तिच्या सामर्थ्याची आणि मर्यादेची कल्पना त्यावाचून येत नाही. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी संथ चालत असते, तेव्हाही त्यात मिनिटाला १६०० वेळा इंधन पेटत असते, आणि प्रत्येक पेटण्याबरोबर क्रँकशाफ्टला एक सूक्ष्म धक्का मिळून त्याची गती क्षणमात्र वाढते. क्रँकशाफ्टवर एक दातेरी चकती असते. अनेक गाड्यांत तिच्यावर ६० दातांच्या जागा आखून त्यांतील दोन मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या असतात, आणि त्या रिकाम्या जागेवरून इंजिनाच्या संगणकाला शाफ्टची स्थिती समजते. प्रत्येक दात सेन्सरसमोरून जायला किती वेळ लागला, याचा हिशोब तो संगणक अखंड ठेवत असतो. ज्या सिलिंडरची पाळी असताना अपेक्षित धक्का मिळत नाही आणि चकती किंचित रेंगाळते, त्या सिलिंडरच्या नावावर एक चूक मांडली जाते. अशा चुका साधारण २०० फेऱ्यांत कन्व्हर्टर जळण्याइतक्या झाल्या, तर दिवा नुसता न लागता लुकलुकू लागतो, आणि सुमारे १००० फेऱ्यांच्या हिशोबात प्रदूषणाची मर्यादा ओलांडण्याइतक्या झाल्या, तर तो पुन्हा खात्री करून घेऊन स्थिर लागतो. लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ गाडी हळू घेऊन शक्य तितक्या लवकर थांबवावी असा आहे, आणि हा अर्थ गाडी विकणाऱ्याने विकत घेणाऱ्याला सांगितलाच पाहिजे, असे माझे मत आहे.

आता पाहा, की एवढ्या कुशल यंत्रणेने काय सांगितले आणि काय सांगितले नाही. ‘पी ०३०२’ यातील ‘पी’ म्हणजे इंजिन आणि त्याची शक्ती चाकांपर्यंत नेणारा भाग. त्यानंतरचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला कोड. तीन म्हणजे ज्वलनाची बाब. आणि शेवटचे दोन म्हणजे दुसरा सिलिंडर. दुसऱ्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटले नाही, एवढीच ती साक्ष आहे. ठिणगी पडली नाही म्हणून पेटले नाही, की इंधन पोहोचले नाही म्हणून, की व्हॉल्व्ह बसत नसल्याने दाब उरला नाही म्हणून, की हेड गॅस्केटमधून पाणी झिरपले म्हणून, की आखाड्यावर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतील इंजेक्टरची तार उंदरांनी कुरतडली म्हणून, याविषयी तो कोड एक अक्षरही बोलत नाही. कॉइलचे नाव तर त्यात कोठेच नसते. इतकेच काय, पण उखडलेल्या रस्त्यावर चाकांचे हिसके उलट दिशेने गिअरमधून क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचतात आणि इंजिन निर्दोष असतानाही चकतीची गती तशीच अडखळते. म्हणून अनेक कंपन्यांना खराब रस्ता ओळखण्याची वेगळी सोय संगणकात करावी लागली. जेथे ती सोय नाही किंवा अपुरी आहे, तेथे रस्त्याच्या दोषाची शिक्षा इंजिनाला होऊ शकते. राष्ट्रीय महामार्ग ३६१ सोडून आतल्या गावांकडे वळणाऱ्या ज्या वाटांनी आपल्या गाड्या रोज जातात, त्या पाहता ही शक्यता प्रत्येक कारागिराने लक्षात ठेवावी अशी आहे.

याला इतिहासाचे कारणही आहे. हे कोड मुळात कारागिराच्या सोयीसाठी जन्माला आलेले नाहीत. १९४३ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारे धुरके उतरले. पुढे १९५० च्या सुमारास हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की मोटारींच्या नळीतून बाहेर पडणारे न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र येऊन ते तयार होते. कॅलिफोर्नियाच्या हवा-संरक्षण मंडळाने त्यापुढे दीर्घकाळ जी नियमावली रचली, तिचीच परिणती म्हणून १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना ही समान निदानव्यवस्था सक्तीची झाली. हवेत जाणारे विष मर्यादेबाहेर गेले की इशारा द्यावा, हा त्या दिव्याचा मूळ हेतू आहे. कोणता सुटा भाग खरेदी करावा हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर कोणी सोपवलेलीच नव्हती.

हवेच्या बाजूची जी साक्ष ऑक्सिजन सेन्सर देतो, ती तर अधिकच काळजीने तपासावी लागते. झिर्कोनियाचा हा सेन्सर नळीतील वायूत शिल्लक राहिलेला प्राणवायू मोजतो; मिश्रणात पेट्रोल अधिक असेल तर तो ०.९ व्होल्टच्या आसपास जातो, हवा अधिक असेल तर ०.१ पर्यंत उतरतो, आणि निरोगी गाडीत पुढचा सेन्सर या दोहोंमध्ये सारखा झुलत राहतो. परंतु सिलिंडरमध्ये इंधन पेटलेच नाही, तर त्यातील पेट्रोल जसे न जळता बाहेर पडते तसाच प्राणवायूही न वापरता बाहेर पडतो. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, प्राणवायू तेवढा दिसतो. तो मिश्रण पातळ असल्याची वर्दी देतो, आणि संगणक त्या वर्दीवर विश्वासून आणखी पेट्रोल ओततो. नळीतून आधीच कच्चे पेट्रोल वाहत असताना पडद्यावर ‘पी ०१७१’, म्हणजे इंधन कमी पडते आहे, असा कोड येतो. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडावर फट असेल, तर प्रत्येक स्पंदनागणिक बाहेरची हवा आत ओढली जाऊन हाच भ्रम उत्पन्न होतो. सेन्सरने खोटे सांगितलेले नसते. जे त्याच्यापुढे आले ते त्याने प्रामाणिकपणे सांगितलेले असते. तरी बदलला जातो तो सेन्सर, आणि फट तशीच राहते.

प्रत्यक्ष चौकशी कशी असावी, ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. समजा, २०१४ साली पुण्यात नोंदलेली चार सिलिंडरांची पेट्रोल गाडी कंधारच्या एका शिक्षकाने विकत घेतली, आणि स्कॅनरवर ‘पी ०३०२’ आणि ‘पी ०४२०’ असे दोन कोड एकदम आले. दुसऱ्या कोडाचा शब्दार्थ कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी झाली असा असल्याने, घाईच्या कारागिराची नजर प्रथम तिकडे जाईल, कारण तो भाग सर्वांत महाग आहे. जाणता कारागीर मात्र आधी काहीही न पुसता दोन्ही कोड कागदावर उतरवील, आणि त्यांच्यासोबत संगणकाने जतन केलेली त्या क्षणाची नोंद वाचील: इंजिन किती फेऱ्यांवर होते, पाणी किती तापले होते, भार किती होता. थंड इंजिन सुरू होताच मिस होत असेल तर एक दिशा, चढावर भार आल्यावर होत असेल तर कॉइल आणि प्लगची दिशा, केवळ उभ्या गाडीत होत असेल तर इनटेक मॅनिफोल्डला हवा खेचणाऱ्या फटीची किंवा घट्ट झालेल्या टॅपेटची दिशा, अशी ही नोंद चौकशीची वाट दाखवते, आणि दिवा विझवण्याच्या घाईत बॅटरीचे टोक काढणारा माणूस हाच पुरावा नष्ट करत असतो.

त्यानंतर तो मिसफायरला प्रथम हात घालील, कारण न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, त्याचे तापमान हजार अंशांच्या घरात नेते, आणि त्याच्या जाळीवरील प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा लेप निकामी करते. म्हणजे पहिला दोष हा दुसऱ्याचा जनक असण्याचा संभव मोठा. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून ती तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवायची, कोड पुसायचे, गाडी फिरवायची. आता ‘पी ०३०३’ आला तर कॉइल दोषी ठरली, आणि तीही एक रुपया खर्च न होता. ‘पी ०३०२’ तसाच राहिला तर कॉइल निर्दोष सुटली, आणि प्लगची पाळी आली. प्लग काढल्यावर त्याच्या तोंडाकडे पाहावे: काजळी, ओले पेट्रोल, तेलाचा चिकट थर, पांढरट भाजलेपणा, चिनीमातीवरील केसाएवढी चीर, यांतील प्रत्येक खुणेला स्वतंत्र अर्थ आहे. प्लगच्या विहिरीत टॅपेट कव्हरच्या जुन्या गॅस्केटमधून तेल साचून ठिणगी बाहेरच्या बाहेर पळत असेल, तर उपाय गॅस्केटचा आहे. प्लगचीही अदलाबदल होऊन दोष हलला नाही, तर इंजेक्टर. आणि तोही निर्दोष ठरला, तर सिलिंडरमधील दाब, म्हणजे प्रेशर. बहुतेक पेट्रोल इंजिनांत ते दहा-बारा किलोच्या आसपास असते, पण आकड्यापेक्षा महत्त्वाचे हे, की चारही सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत नसावी. एका सिलिंडरचे प्रेशर कमी भरले तर प्लगच्या छिद्रातून थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजावे: वाढले तर रिंग झिजल्या, तसेच राहिले तर व्हॉल्व्ह. जुन्या गाडीला गॅसकिट बसवलेले असेल, तर व्हॉल्व्हच्या बैठकी झिजण्याचा संशय बळावतो.

मिसफायर गेल्यावर मग ‘पी ०४२०’ कडे वळावे. नळीच्या जोडांवर काळी काजळी उमटली आहे काय, थंड इंजिन सुरू करताच टिकटिक ऐकू येते काय, हे पाहावे. मग गाडी तापवून मागच्या सेन्सरचा आकडा स्कॅनरवर निरखावा. तो ०.६-०.७ व्होल्टवर बऱ्यापैकी स्थिर असेल तर कन्व्हर्टर अजून काम करतो आहे. तो पुढच्या सेन्सरसारखाच वरखाली झुलत असेल, तरच कन्व्हर्टर खरोखर गेला. या साऱ्या चौकशीला लागते काय? एक साधा स्कॅनर, प्रेशर गेज, फिलर गेज, अर्धा दिवस आणि शांत डोके.

अर्धा दिवस! अडचण नेमकी तेथेच आहे, आणि तिचा दोष केवळ कारागिराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आपण मालक मंडळी बदललेल्या भागाचे पैसे बिनतक्रार देतो, कारण जुना भाग हातात मिळतो. परंतु ‘तपासणीची मजुरी’ असे शब्द कानावर पडताच आपला चेहरा बदलतो. कॉइल निर्दोष आहे हे सिद्ध करण्यासाठी कारागिराने जो तास खर्च केला, त्याने आपले दोन-तीन हजार वाचलेले असतात, तरी त्या तासाचा मोबदला द्यायला आपली तयारी नसते. मग तो आपली मजुरी भागाच्या किमतीतच काढणार, आणि जितके भाग अधिक बदलले जातील तितका त्याचा संसार बरा चालणार, ही व्यवस्था आपणच निर्माण केलेली आहे. नांदेडच्या गॅरेजांत ज्यांना सगळे आदराने ‘उस्ताद’ म्हणतात, ती माणसे नुसत्या आवाजावरून टॅपेट आणि टायमिंगचा फरक सांगत असत, आजही सांगतात. त्या श्रवणशक्तीला स्कॅनरच्या आकड्यांची जोड मिळाली आणि विचाराला मजुरी मिळू लागली, तर त्यांच्याइतके चांगले निदान कोणत्याही कंपनीच्या काचेच्या दालनात होणार नाही, अशी माझी खात्री आहे.

या प्रश्नाला अलीकडे इंधनाची नवी बाजू जोडली गेली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ रोजी देशात विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत जवळपास सर्व पंपांवर तेच मिळू लागले. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या लोकांना इथेनॉलविषयी आस्था आहे आणि ती योग्यच आहे. लातूर-नांदेडच्या उत्पादकाच्या उसाला त्यामुळे एक आधार मिळतो. परंतु त्याच उत्पादकाची दारात उभी असलेली जुनी गाडी या इंधनासाठी घडवलेली नाही, हेही तितकेच खरे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जाळण्यास १४.७ भाग हवा लागते. २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते. शुद्ध पेट्रोलच्या प्रमाणावर बसवलेल्या इंजिनाला त्यामुळे मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी पातळ वाटते. संगणकाची गाडी इंधन वाढवून हा फरक भरून काढते. पण अशी भरपाई करण्याची तिची मुभा मर्यादित असते, आणि जिचे इंजेक्टर आधीच तुंबलेले आहेत किंवा मॅनिफोल्ड हवा खेचतो आहे, तिची ती मुभा येथेच संपून ‘पी ०१७१’ चा दिवा लागतो. कार्ब्युरेटरच्या गाडीला तर ही मुभाच नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींच्या इंधन-कार्यक्षमतेत सहा-सात टक्के घट होईल, असे नमूद आहे. याखेरीज इथेनॉल टाकीच्या तळाचा जुना गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणते आणि हवेतील ओल शोषते. पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर महिनाभर उभी राहिलेली गाडी मिसिंग करू लागली, तर कॉइलवर संशय घेण्याआधी टाकीकडे पाहावे. माझा इथेनॉलला विरोध नाही. माझा आग्रह एवढाच आहे, की जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, फिल्टर आणि इंजेक्टर यांच्या तपासणीची सोय करण्याची जबाबदारी, हे इंधन देशभर आणणाऱ्यांनी मालकावर ढकलून मोकळे होऊ नये.

डिझेल गाड्यांची, विशेषतः गावोगाव धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या जिपांची, कथा निराळी असली तरी तिचे तात्पर्य तेच. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त, निळा म्हणजे ऑइल, पांढरा म्हणजे न जळलेले डिझेल किंवा पाणी. टर्बोच्या फाटलेल्या पाइपाने काळा धूर येत असताना चारही नोझल बदलली गेल्याची तक्रार मी एकाहून अधिक चालकांकडून ऐकली आहे.

आता पीयूसीविषयी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ व्या नियमाने हा दाखला सक्तीचा केला, आणि तो जवळ नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे दाखल्याची मुदत सर्वांना पाठ असते. त्यावरील आकडे मात्र फारसे कोणी वाचत नाही. वास्तविक पेट्रोल गाडीच्या त्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन असे दोन आकडे छापलेले असतात आणि ते चौकशीतले दोन उत्तम साक्षीदार आहेत. बीएस-४ च्या पेट्रोल चारचाकीसाठी उभ्या गाडीत मर्यादा अनुक्रमे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम अशी आहे. बीएस-२ आणि बीएस-३ साठी ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. हायड्रोकार्बन फार वाढलेला आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र मर्यादेत असेल, तर कोठेतरी इंधन पेटतच नाही, म्हणजे मिसफायर. दोन्ही वाढलेले असतील, तर इंधन जास्त पडते आहे. एवढी मोलाची माहिती दर सहा-बारा महिन्यांनी मालकाच्या हाती येते आणि पाकिटात घडी होऊन पडते. त्याहून वाईट म्हणजे दाखल्यापुरता कोड पुसणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे कन्व्हर्टर कापून तेथे मोकळी नळी जोडणे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मूळ रचनेत असा फेरफार करण्यास मनाई आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, त्या मोकळ्या नळीचे विष शाळा सुटल्यावर रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या मुलांच्या छातीत जाते, याचे उत्तर गाडी विकून मोकळा होणारा कोणता मालक देणार आहे?

शासनाचे धोरणही वयाकडे अधिक आणि प्रकृतीकडे कमी पाहते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मज्जाव करणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम केला होता. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० वरून ५००० रुपयांवर गेले. राजधानीच्या हवेची अवस्था पाहता तेथील कठोरपणा समजू शकतो. परंतु नीट राखलेली, चारही सिलिंडर बरोबर पेटणारी सोळा वर्षांची गाडी ही कन्व्हर्टर कापलेल्या सात वर्षांच्या गाडीपेक्षा हवेला कमी घातक असते, आणि हे मोजून दाखवता येते. जे मोजता येते त्याचा निर्णय जन्मतारखेवरून का करावा? पासिंगच्या वेळी कोडांचा छापील तपशील आणि नळीतील वायूंचे आकडे एकत्र तपासले जावेत, आणि दोष असल्यास मालकाला चौकशी आणि दुरुस्तीसाठी वाजवी मुदत मिळावी, हे मला अधिक न्याय्य वाटते.

मोजून निदान करण्याचे हे काम विष्णुपुरीतून सुरू होऊ शकते, असे मी जाणीवपूर्वक म्हणतो. येथे १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे. मोजमापाच्या उपकरणांचे शास्त्र शिकवणारा तिचा विभाग पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी घडवतो आहे. शेजारीच १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. एखाद्या आडवळणाच्या विद्यापीठाची मोजणी काय करू शकते, याचे उदाहरण जगाने पाहिलेले आहे: अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका लहानशा प्रयोगशाळेने काही डिझेल गाड्यांना मोजणीची यंत्रे जोडून त्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवल्या, २०१४ साली आपले आकडे प्रसिद्ध केले, आणि त्या धाग्याने १८ सप्टेंबर २०१५ रोजी फोक्सवॅगनसारख्या बलाढ्य कंपनीची प्रदूषण-चाचणीतील फसवणूक जगजाहीर झाली. त्यानंतर पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने आपल्याकडे चाचण्या घेतल्या आणि त्याच डिसेंबरात भारतातील सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलावण्याचे कंपनीने जाहीर केले. विष्णुपुरीतील अध्यापकांनी कोणा कंपनीशी झुंज घ्यावी, असे माझे म्हणणे नाही. त्यांनी आठवड्यातून एक दिवस जुन्या गाड्यांसाठी निदान केंद्र उघडावे. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक शाखेचे विद्यार्थी आणि शहरातील उस्ताद यांना एका टेबलाभोवती आणावे. नेहमी आढळणाऱ्या कोडांची, त्यांच्या संभाव्य कारणांची आणि तपासणीच्या क्रमाची एक मराठी पुस्तिका काढावी. आणि मराठवाड्याच्या उन्हात, काळ्या मातीच्या धुळीत आणि नव्या इंधनावर जुनी इंजिने नेमकी कशी वागतात, याची नोंद वर्षानुवर्षे ठेवावी. अशी नोंद आज कोठे उपलब्ध असल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि ती ठेवण्यास आपल्याहून योग्य जागा दुसरी नाही.

तोपर्यंत वाचकांना माझी विनंती अशी आहे. पुढच्या वेळी दिवा लागला तर कोड पुसण्याआधी तो आणि त्यासोबतची नोंद कागदावर लिहून मागा. पीयूसीचे जुने दाखले फेकू नका, त्यांवरील दोन आकडे एकाखाली एक मांडून ठेवा. कारागिराला स्पष्ट सांगा की आधी तपासा, मग बदला. आणि त्याने तपासून एकही भाग न बदलता गाडी नीट करून दिली, तर त्याच्या त्या तासाची पूर्ण मजुरी घासाघीस न करता त्याच्या हातावर ठेवा.